माळवद, पत्रा, स्लॅब

सोलापूरहून तुळजापूरला जाताना वाटेत तामलवाडी लागते. रस्त्यालगतची घरे वरून पाहिली तर गेल्या शंभर वर्षांचा हिशेब छपरांवरच मांडलेला दिसावा. मराठवाड्यातल्या इतर गावांप्रमाणे इथलीही जुनी पद्धत माळवदाची, मग पत्रा आला, आता स्लॅब. या क्रमाला आपण सहज प्रगती म्हणतो, आणि सुरक्षिततेच्या बाबतीत ती आहेही. पण लहान घर कसे असावे हा विचार या प्रवासात दोनदा अर्ध्यावर सुटला, आणि ते अर्धे राहिलेले काम आज एप्रिल-मे महिन्यांत माणसांच्या अंगावर येते, असे माझे म्हणणे आहे.

माळवदाचे घर म्हणजे लाकडी खांब आणि तुळयांचे खण, त्यांवर फळ्या किंवा पाला आणि त्यावर मातीचा जाड थर. भिंती दगडमातीच्या, दोन-तीन फुटांच्या. दर वर्षी पावसाळ्याआधी वर पांढरी माती टाकून ती चोपायची. दुपारचे ऊन त्या थरातून खाली उतरेपर्यंत रात्र झालेली असे, आणि रात्री दारे उघडी टाकली की भिंती पुन्हा निवत. यात विजेचा प्रश्नच नव्हता. पण दर वर्षी नवी माती पडत गेली आणि जुनी फारशी कोणी काढली नाही. 25 चौरस मीटरच्या घरावर दोन फूट माती धरली तर ती 15 घनमीटर भरते, म्हणजे वीस टनांहून अधिक वजन. ते डोक्यावर तोलून माणसे निवांत झोपत होती.

30 सप्टेंबर 1993 रोजी पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी, किल्लारीच्या भूकंपात, ते वजन खाली आले. किल्लारी लातूर जिल्ह्यातले, पण सास्तूरसारखी गावे तामलवाडीच्याच जिल्ह्यातली. हजारो माणसे दगडमातीखाली गेली. त्यानंतर या भागाने मातीवरचा विश्वास काढून घेतला, आणि त्याबद्दल कोणी लोकांना दोष देऊ नये. तरी पडलेल्या घरांची पाहणी नीट वाचली तर दोष मातीचा नव्हता असे दिसते. अनघड गोलसर दगडांच्या दोन पदरी भिंतींत आरपार जाणारा दगडच नव्हता, कोपरे एकमेकांत गुंतलेले नव्हते आणि वर अफाट भार होता. म्हणूनच पडझड झालेल्या जुन्या घरांच्या दुरुस्तीचा सल्ला असा होता : भिंतींना आरपार सांधणारे दगड घाला, भोवती काँक्रीटचा पट्टा बांधा, खांब-तुळईच्या कोपऱ्याला तिरका टेकू द्या आणि माळवदावरची माती कमी करा. हा सल्ला शहाणपणाचा होता. पण ज्याने घरातले माणूस गमावले त्याला आरपार दगडाचे शास्त्र कोण सांगणार? लोकांनी सरळ पत्रा पत्करला, आणि ज्याला जमले त्याने स्लॅब.

भूकंपानंतरच्या पुनर्वसनात घराचे माप चौरस फुटांत ठरले : जमिनीच्या मालकीप्रमाणे 250, 450 किंवा 750. त्याआधी 1985 साली इंदिरा आवास योजना सुरू झाली होती, 2016 साली प्रधानमंत्री आवास योजना ग्रामीण भागात आली. तिच्यात किमान 25 चौरस मीटरचे घर आणि सपाट प्रदेशात 1 लाख 20 हजारांचे अनुदान. किती जागा आणि किती पैसा, एवढ्याच दोन प्रश्नांत लहान घराचा विचार मावला. 1936 साली सेवाग्रामला झोपडी बांधायची तेव्हा गांधीजींनी शंभर रुपयांची मर्यादा घातली होती, पण साहित्य आणि कारागीर आसपासचेच हवेत, हीही अट होती. म्हणजे खर्चाच्या बंधनाबरोबर तिथल्या मातीचा आणि हवेचा विचार ओघाने आलाच. सरकारी घरकुलाने त्यातला पहिला भाग उचलला, दुसरा राहिला.

तामलवाडीत मेच्या दुसऱ्या आठवड्यात एक दिवस भर दुपारी काठीची सावली पडत नाही. सूर्य बरोबर डोक्यावर असतो. त्या दिवसांत दक्षिणेच्या भिंतीला ऊन जवळजवळ लागत नाही, पूर्वेच्या भिंतीला सकाळी आणि पश्चिमेच्या भिंतीला संध्याकाळी लागते, आणि छप्पर मात्र दिवसभर तापते. बंगल्याला वर दुसरा मजला असतो. एका मजल्याच्या लहान घरात राहायच्या प्रत्येक खोलीवर आकाश असते. चार-पाच इंचांचा उघडा स्लॅब दुपारी तापतो आणि ती धग नेमकी संध्याकाळनंतर, माणसे आत येतात तेव्हा खाली सोडतो. म्हणून लहान घराचा पहिला पैसा छपरावर जायला हवा. आपल्याकडे तो दर्शनी भिंतीच्या टाइल्सवर जातो.

देशाला हे कळत नाही असेही नाही. 2018 च्या 'इको निवास संहिते'ने छपरातून किती उष्णता आत यावी याची मर्यादा घातली आहे, आणि उघडा स्लॅब त्या मर्यादेच्या दुपटीहून अधिक उष्णता आत सोडतो. पण ही संहिता 500 चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडांसाठी आहे. घरकुल त्या हिशेबातच येत नाही. ज्याच्या घरात वातानुकूलन यंत्र असण्याची शक्यता जास्त, त्याच्या छपराला नियम आहे. ज्याच्याकडे एक पंखा आहे, त्याच्या छपराला नाही. मला हा अन्याय वाटतो.

यावर कोणी म्हणेल, लोकांनाच स्लॅब हवा असतो. हवा असतोच, आणि तो रास्त आहे. त्यावर डाळ वाळते, कुरडया पडतात, उन्हाळ्यात अंथरुणे पडतात, पुढे मजला चढतो. तक्रार स्लॅबची नाही, उघड्या स्लॅबची आहे. ओतकाम करतानाच खालच्या बाजूला कौले किंवा मातीची भांडी बसवली तर सिमेंटही वाचते आणि उष्णताही अडते. लॉरी बेकर यांनी केरळात अशी छपरे कितीतरी घरांवर घातली. ते जमत नसेल तर होळीनंतर वरून चुन्याचे दोन हात द्यावेत. चुना पावसात धुऊन जातो, दर वर्षी कोण देणार, असा आक्षेप येतो. पण दर वर्षी माळवदावर पांढरी माती टाकणारी हीच घरे होती ना? दुसरे म्हणणे असे की आता छतावर सौर पॅनेल मिळतात, वीज आली की कूलर चालेल. पॅनेल जरूर बसवावे, थोडे उंचावर बसवले तर त्याची सावलीही मिळते. पण कूलरला पाणी लागते, आणि या दुष्काळी जिल्ह्यात मे महिन्यात विजेपेक्षा पाण्याचीच चणचण मोठी. राहिला खर्च. 1 लाख 20 हजारांत आज घर पुरे होत नाही, हे सरळ कबूल करावे आणि अनुदान वाढवून मागावे. पण पूर्व-पश्चिम भिंती आखूड ठेवायला, समोरासमोर खिडक्या काढायला, लिंटेलच्या उंचीवर भूकंपरोधक पट्टा घालताना त्यातूनच पश्चिमेला छज्जा ओढायला वेगळे अनुदान लागत नाही. जोत्याची आखणी होते त्या सकाळी कोणीतरी ते सांगायला लागते.

घरकुलाचे हप्ते बांधकामाचा टप्पा पाहून, फोटो घेऊन सुटतात. शेवटच्या हप्त्याआधी छप्पर झाले की नाही एवढेच पाहिले जाते. तिथे आणखी एक ओळ हवी : छपरावर ऊन अडवण्याची काही सोय आहे का? तामलवाडीच्या ग्रामसभेने, आणि तुळजापूर तालुक्यातल्या प्रत्येक ग्रामसभेने, हा ठराव करून पंचायत समितीकडे पाठवावा. पुढचे घरकुल मंजूर होईल तेव्हा जोते आखण्याआधी गवंड्याला एकदा मेमधल्या सूर्याची दिशा दाखवावी.