अर्ध्यावर सोडलेल्या औषधाचा दोष

औषध अर्ध्यावर सोडणारा रोगी दोषी होय, असा समाजाचा जुना निवाडा आहे. क्षयाच्या बाबतींत तर तो अधिकच कठोर होतो. कारण अर्धवट उपचारांतून वांचलेले जंतू औषधाला दाद देईनासे होतात आणि खोकल्यावाटे दुसऱ्याच्या फुप्फुसांत शिरतात. अशा रोग्यानें स्वतःचाच नव्हे तर शेजाऱ्याचाही घात केला, असें आपण म्हणतों. दवाखान्यांच्या दफ्तरांत त्याला फार दिवस ‘डिफॉल्टर’, म्हणजे देणें बुडविणारा, असेंच नांव होतें. तें न्याय्य होतें काय?

त्याच्याकडे मागितलेलें देणें काय होतें तें पाहूं. औषधांना न जुमानणाऱ्या क्षयावर पूर्वीं १८ ते २४ महिने उपचार चाले. त्यांतील आरंभीचे कित्येक महिने रोज सुई टोंचून घ्यावी लागे, आणि कॅनामायसिनसारख्या त्या औषधांनीं अनेकांची श्रवणशक्ति कायमची जाई. रोग बरा व्हावा म्हणून बहिरेपण पत्करावें, ही अट मुकाट्यानें पाळणें ज्याला जमलें नाहीं, त्याला आपण अधीर म्हटलें.

२०२२ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका परीक्षणानें या निवाड्याचा पायाच ढिला केला. उझबेकिस्तान, बेलारूस व दक्षिण आफ्रिका येथील रोग्यांची त्यांत चिठ्ठ्या टाकाव्या तशी वांटणी झाली. कांहींना रूढ उपचार मिळाले. कांहींना बेडाक्विलिन, प्रेटोमॅनिड, लिनेझोलिड व मॉक्सिफ्लॉक्सासिन हीं पोटांत घ्यावयाचीं चार औषधें सहा महिने मिळालीं. रूढ उपचारांत शेंकडा ४८ जणांच्या बाबतींत अपयश आलें, नव्यांत शेंकडा ११ जणांच्या. आणि या अंतराचा मोठा भाग उपचार मध्येंच थांबल्यामुळें पडला होता. चिठ्ठीला मनुष्याचा स्वभाव कळत नाहीं. धीराचीं आणि उतावळीं माणसें दोन्हीं बाजूंस सारखींच असणार. मग हा भेद शीलाचा नव्हे, औषधाचाच म्हटला पाहिजे. त्याच वर्षीं डिसेंबरांत जागतिक आरोग्य संघटनेनें या उपचाराची शिफारस केली, आणि २०२४ च्या सप्टेंबरांत भारत सरकारनें त्यास मान्यता दिली.

यावर कोणी म्हणेल, असें असेल तर रोग्याला कर्तव्यच उरलें नाहीं. तसें नाहीं. नवीं औषधेंही अर्धवट घेतलीं तर निकामी होतील. लिनेझोलिडनें रक्ताला व मज्जातंतूंना इजा होऊं शकते, म्हणून दक्षताही हवी. परंतु कर्तव्य मागणाऱ्यानें तें सोसवेल असें करून दिलें पाहिजे, ही त्याची पहिली अट आहे.

क्षयाच्या उपचारांत श्रवणशक्ति गमावलेल्या मुंबईच्या नंदिता व्यंकटेशन व दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा तिसिले यांनीं बेडाक्विलिनच्या मक्त्याची मुदत वाढूं नये म्हणून भारतांत हरकत घेतली, आणि २०२३ च्या मार्चमध्यें ती मान्य झाली. आपण सोसलें म्हणून इतरांनींही सोसावें, असें त्यांनीं म्हटलें नाहीं. देणें कोणाचें कोणाकडे थकलें होतें, याचा हिशेब आतां आपणच मांडावा.