फायनल हरल्यावरची सकाळ



आजचं चिंतन: श्रीमद्भगवद्गीता, अध्याय २, श्लोक ३८

भावार्थ: सुख आणि दुःख, लाभ आणि हानी, जय आणि पराजय यांना सारखंच मानून युद्धाला उभा राहा. मग तुला पाप लागणार नाही.

हा श्लोक वाचला की एक प्रश्न हमखास येतो. जिंकणं-हरणं सारखंच मानायचं, तर मग खेळायचं कशाला? आणि आपण जीव टाकून मॅच बघायची तरी कशाला?

प्रश्न खरा आहे, म्हणून उदाहरणही आपल्या जगण्यातलंच घेऊ. प्रो कबड्डीत नाशिकची स्वतःची टीम नाही. त्यामुळे आपल्याकडची पोरं एक तर यू मुम्बाची, नाहीतर पुणेरी पलटणची. यातल्या पलटणवाल्यांनी गेल्या काही वर्षांत जे सोसलंय ना, ती या श्लोकाची चालती-बोलती परीक्षाच म्हणायला हवी.

१७ डिसेंबर २०२२. मुंबईत फायनल. जयपूर पिंक पँथर्स ३३, पलटण २९. हरलो.
१ मार्च २०२४. हैदराबादला फायनल. पलटण २८, हरियाणा स्टीलर्स २५. पहिल्यांदा चषक आला, अस्लम इनामदारच्या हातात. आपल्या शेजारच्या नगर जिल्ह्यातला पोरगा!
३१ ऑक्टोबर २०२५. पहिल्या क्वालिफायरमध्ये दिल्लीकडून हार, मग तेलुगू टायटन्सना हरवून पुन्हा फायनलला धडक, आणि समोर पुन्हा दिल्लीच. दबंग दिल्ली ३१, पलटण २८. परत हरलो.

आकडे नीट बघा. २०२४ ला तीन गुणांनी जिंकलो, २०२५ ला तीन गुणांनीच हरलो. तीन गुण म्हणजे किती? एखादी चढाई, एखादी पकड. तेवढ्यावर एका रात्री आपण रस्त्यावर नाचतो आणि दुसऱ्या रात्री न जेवता झोपतो.

अजून एक गंमत सांगतो. २०२२ च्या फायनलला पलटणचा कॅप्टन होता इराणचा फजल अत्राचली. त्याने पकड केली की आपण ओरडायचो. २०२५ च्या फायनलला तोच फजल दिल्लीकडून खेळत होता. माणूस तोच, ताकद तीच. फक्त जर्सी बदलली आणि आपल्यासाठी तो 'समोरचा' झाला! 'आपलं' आणि 'परकं' या रेघा आपणच मारतो, आणि मग त्याच रेघांवरून रडतो.

"म्हणूनच म्हणतो, मॅच सोडा आणि पारायणाला बसा," असं घरातलं मोठं माणूस म्हणेल. पण भगवंत तसं म्हणतात का? अर्जुन तर धनुष्य खाली ठेवून बसलाच होता. सगळं सारखंच आहे, चल घरी जाऊ, असं श्रीकृष्ण म्हणाले असते तर अर्जुनाला तेच हवं होतं. भगवंत म्हणतात, सारखं मान आणि उभा राहा. आपण बहुतेक वेळा पहिला अर्धा भाग वाचतो आणि थांबतो. पुढे ४८व्या श्लोकात ते याच समत्वाला योग म्हणतात, आणि तेही कर्म करत असतानाचं समत्व. कशाचंच काही न वाटणं म्हणजे समत्व नव्हे.

हे कसं जमायचं, ते मला कबड्डीच्याच एका नियमात दिसतं. चढाईला गेलेल्या खेळाडूने परत आपल्या अंगणात येईपर्यंत 'कबड्डी कबड्डी' म्हणत राहायचं. एकाच दमात, स्पष्ट. प्रो कबड्डीत चढाईला तीस सेकंद मिळतात. त्यात गुण मिळेल, किंवा हात हलवत परत यावं लागेल. कधी चार-पाच जण अंगावर पडतील. पण हे सगळं होत असताना तोंडातला उच्चार तोच. दोन गडी मारले म्हणून तो बदलत नाही, गुण मिळाला नाही म्हणूनही बदलत नाही. दम तुटला की खेळाडू बाद. मग तो कितीही चपळ असो.

आपलं नामस्मरण असं आहे का? खरं सांगा. रिझल्ट चांगला लागला की देवळात पेढे, आणि कॅम्पस इंटरव्ह्यूत नाव आलं नाही की आठवडाभर देवाशी अबोला. म्हणजे समोरच्याने हात लावला रे लावला, की आपला दम तुटतो.

आणि श्लोकातलं 'पाप' इथेच शिरतं. हरलेल्या रात्री इन्स्टावर जाऊन बघा. सामना संपून तासही झालेला नसतो आणि विशी-बाविशीच्या खेळाडूच्या फोटोखाली आई-बहिणीवरून शिव्या सुरू. लिहिणारी पोरं वाईट नसतात. सकाळी काळारामाचं दर्शन घेऊन कॉलेजला जाणारीही त्यात असतील. पण पराजय अंगात शिरला की माणूस काय करतो, ते भगवंतांना ठाऊक होतं. म्हणून मन सम ठेवायला सांगितलं. मन हललं की हातून नको ते घडतं.

आता त्याच आठवड्यातली दुसरी गोष्ट आठवा. ३१ ऑक्टोबरला फायनल झाली आणि २ नोव्हेंबरला पंढरपुरात कार्तिकी एकादशी होती. आपल्या त्र्यंबकेश्वराहून निवृत्तिनाथांची पालखी आषाढीला निघते, तेव्हा किती माणसं चालत जातात! गर्दीत कुणाला फक्त कळस दिसतो, आणि तेवढ्यावर तो हात जोडून परत फिरतो. मी हरलो, असं त्याला वाटत नाही. पुढच्या वर्षी तो पुन्हा निघतो. पलटणच्या पोरांकडेही ही चिकाटी आहे. हरूनसुद्धा पुढच्या सीझनला ती परत पलटणच्याच मागे उभी राहतात. निष्ठा आपल्याकडे आहेच. फक्त तिची दोरी स्कोअरबोर्डला बांधलेली आहे, ती थोडी वर बांधायची.

आजची साधना अगदी छोटी:

१. मोठी मॅच असेल त्याच्या दुसऱ्या दिवशी, जिंकलो काय अन् हरलो काय, रोजचा पाठ रोजच्याच वेळी करायचा. एक ओळ कमी नाही, एक ओळ जास्त नाही.

२. खेळाडूच्या तोंडावर बोलू शकणार नाही, ते त्याच्या फोटोखाली लिहायचं नाही.

३. मॅच मात्र मन लावून बघायची. ओरडायचं, टाळ्या वाजवायच्या, वाईट वाटलं तर वाटू द्यायचं. आतला दम तेवढा तुटू द्यायचा नाही.

कबड्डीत बाद झालेला गडी बाहेर बसतो. आपल्या सोबत्याने समोरचा गडी टिपला की तो पुन्हा आत येतो. तुमचा कुणी मित्र अशा एखाद्या हारीनंतर बाहेर बसला असेल, फायनलच्या असो वा आयुष्यातल्या, तर आज त्याला एक फोन करा.

राम कृष्ण हरी!