श्रींची मूर्ती : साचा आणि हात

पनवेलहून गोवा महामार्गाने दक्षिणेस निघालेल्या भाविकास वाटेत पेण लागते. पेण शहरात तसेच हमरापूर, जोहे आदी गावांत वर्षभर श्रीगणेशाच्या मूर्ती घडत असतात. एकाच बैठकीच्या, एकाच मुद्रेच्या शेकडो मूर्ती ओळीने वाळत ठेवलेल्या पाहून मनात सहज शंका येते : एका साच्यातून निघालेल्या या मूर्तींपैकी मूळ कोणती आणि नक्कल कोणती?

आपल्या परंपरेने हा प्रश्न असा कधी मांडलाच नाही. देवतेची आयुधे, आसन, अंगप्रमाण हे सारे शास्त्राने ठरवून दिलेले. शिल्पकाराने त्यात स्वतःची नवलाई दाखवावी, अशी अपेक्षा नव्हती. बहुतेक प्राचीन मूर्तींवर घडविणाऱ्याचे नाव आढळत नाही ते त्यामुळेच. मूर्तीस देवत्व येते ते प्राणप्रतिष्ठेने. गणेशचतुर्थीची पार्थिव मूर्ती उत्तरपूजेनंतर विसर्जित होते, पुढील वर्षी दुसरी येते, आणि ती गतवर्षीच्या मूर्तीची नक्कल आहे असे घरातील कोणीही म्हणत नाही. राजा रविवर्मा यांचा छापखाना १८९४ साली मुंबईत सुरू झाला व पुढे लोणावळ्याजवळ मळवली येथे गेला. मूळ तैलचित्र ज्यांच्या दृष्टीस कधीच पडणार नव्हते, अशा असंख्य घरांत तेथील लक्ष्मी-सरस्वतीची छापील चित्रे पोहोचली. त्या कागदापुढे ओवाळलेले निरांजन उणे होते काय?

येथे पूजकाची शंका फिटते. कलावंताचा प्रश्न मात्र उरतो. शिर्डीच्या समाधी मंदिरातील श्रीसाईबाबांची संगमरवरी मूर्ती शिल्पकार बाळाजी वसंत तालीम यांनी घडविली व १९५४ साली तिची स्थापना झाली. तेच रूप आज गावोगावच्या मंदिरांत, दुकानांत, वाहनांत दिसते. तालीम यांचे नाव त्यामानाने फारच थोड्यांना ठाऊक आहे.

साच्याचेही तसेच आहे. पहिला नमुना मूर्तिकार हाताने घडवितो, त्यावरून साचा निघतो. बाजारातून तयार मूर्ती आणून तिच्यावरूनच दुसरा साचा काढणे त्याहून पुष्कळ सोपे. अशा मूर्तीच्या पूजेत काही न्यून राहत नाही, परंतु ज्याने मूळ नमुना घडविला त्याच्या श्रमांचे मोल बुडते. ‘देव सर्वांचाच आहे’ हे त्यावरचे नेहमीचे उत्तर. देव सर्वांचा खराच. नमुन्यासाठी वेचलेले दिवस मात्र त्या एका कारागिराचे असतात. मूर्ती अर्पण करणाऱ्या दात्याने तिचा नमुना कोणाचा, एवढी चौकशी अवश्य करावी.

साच्यातून सोंड येते, उदर येते, मुकुटावरील नक्षीही येते. डोळ्यांची आखणी मात्र कुंचल्याने, एकेका मूर्तीवर स्वतंत्रपणे करावी लागते आणि ते काम कारखान्यातील सरावलेल्या हाताकडेच सोपविले जाते. एकाच साच्यातील दोन मूर्ती शेजारी ठेवून निरखल्या, तर दोघींची नजर सहसा तंतोतंत सारखी नसते.