निर्णय लंडनचा, किंमत गावाची

१९४० च्या जूनमध्ये फ्रान्सने शरणागती पत्करली. पश्चिम युरोपात सैन्य उतरवण्याची ताकद तेव्हा ब्रिटनकडे नव्हती. मग शत्रूच्या ताब्यातल्या जनतेलाच आतून उठवावे, असा विचार पुढे आला. मंत्री ह्यू डाल्टन यांनी परराष्ट्रमंत्री हॅलिफॅक्स यांना लिहिलेल्या पत्रात आयर्लंडमधल्या शिन फेनचा आणि जपानशी झुंजणाऱ्या चिनी गनिमांचा दाखला दिला. ज्या आयरिश बंडाने ब्रिटनला जेरीस आणले होते, त्याच्याकडूनच आता धडा घ्यायचा होता. जुलैमध्ये ‘स्पेशल ऑपरेशन्स एक्झिक्युटिव्ह’ ही गुप्त संघटना उभी राहिली. युरोप पेटवून द्या, अशी चर्चिल यांची आज्ञा होती.

या पहिल्या कल्पनेत जनता जणू सरपण होती. आग लागल्यावर कुणाची घरे जळतील, याचा हिशेब त्यात नव्हता. तो पुढे प्राग शहराने मांडला.

१९४१ च्या डिसेंबरअखेर योझेफ गाब्चिक आणि यान कुबिश हे दोन चेकोस्लोव्हाक सैनिक ब्रिटिश विमानातून पॅराशूटने आपल्या मायदेशी उतरले. हिटलरचा तिथला प्रतिनिधी राइनहार्ड हायड्रिख याला ठार मारण्याची कामगिरी त्यांच्यावर होती. बेत कळताच भूमिगतांच्या पुढाऱ्यांनी लंडनमधल्या बेनेश यांच्या निर्वासित चेकोस्लोव्हाक सरकारला बिनतारी संदेश धाडला : हे थांबवा, सूड भयंकर असेल. बेत थांबला नाही. २७ मे १९४२ रोजी हल्ला झाला आणि आठ दिवसांनी हायड्रिख मेला. १० जूनला जर्मनांनी लिदिचे या खेड्यातल्या १७३ पुरुषांना गोळ्या घातल्या, बायकांना छळछावणीत पाठवले, बहुतेक मुलांना पुढे विषारी वायूने मारले आणि गाव जमीनदोस्त केले. त्या गावाचा हल्ल्याशी काहीही संबंध नव्हता. ते दोन सैनिक कमालीचे शूर होते, आणि हायड्रिखसारख्या कसायाला मारणे न्याय्यच होते. तरीही ज्यांच्यावर सूड उगवला जाणार होता, त्यांचे म्हणणे विचारात घेतले गेले नाही, ही गोष्ट मला फार गंभीर वाटते.

नॉर्वेत या कल्पनेला वेगळे वळण मिळाले. अणुसंशोधनासाठी जर्मनांना लागणारे जड पाणी व्हेमॉर्कच्या कारखान्यात तयार होत होते. १९४३ च्या फेब्रुवारीत योआखिम रॉनेबर्ग यांची सहा जणांची तुकडी बर्फाळ पठारावर उतरली आणि आधीपासून तिथे तग धरून राहिलेल्या देशबांधवांना मिळाली. अंगावर ब्रिटिश गणवेश होते. स्फोटके लावून निघताना त्यांनी एक बंदूक मुद्दाम मागे ठेवली. हे काम लष्कराचे आहे, गावकऱ्यांचे नव्हे, हे जर्मनांना कळावे म्हणून. एकही गोळी न झाडता यंत्रे निकामी झाली. गावकऱ्यांचा जीव वाचवणे हा इथे मोहिमेच्या आखणीचाच भाग झाला होता.

पण गणवेशाने प्रत्येक पेच सुटत नव्हता. वर्षभराने उरलेले जड पाणी जर्मनीला न्यायचे ठरले. वाटेत टिन सरोवरावर ‘हायड्रो’ ही फेरीबोट होती, आणि तिच्यात सामान्य प्रवासी असणार होते. तिथल्या भूमिगत कार्यकर्त्यांनी लंडनला विचारले : इतकी किंमत मोजण्याएवढे हे मोलाचे आहे का? उत्तर आले, नष्ट करा. रॉनेबर्ग यांच्या तुकडीतले क्नुट हौकेलिड आणि त्यांच्या साथीदारांनी निदान रविवार निवडला, कारण त्या दिवशी प्रवासी कमी असत. २० फेब्रुवारी १९४४ रोजी बोट बुडाली. अठरा जण दगावले, त्यातले चौदा नॉर्वेजियन.

जर्मन अणुबॉम्ब तेव्हा फार दूर होता, हे आज आपल्याला ठाऊक आहे. हौकेलिड यांना ते कळण्याचा मार्ग नव्हता, म्हणून त्यांना दोष देणे अन्याय्य होईल. मला मोलाचा वाटतो तो त्यांनी न टाळलेला प्रश्न. प्रागमधून इशारा गेला तेव्हा बेतात काहीच बदलले नाही. नॉर्वेत उत्तर कठोरच आले, पण प्रश्न विचारणाऱ्यांच्याच हाती अंमलबजावणी होती, म्हणून मोहिमेचा वार तरी बदलला. प्रगती म्हणायची तर एवढीच, पण काही माणसे तिच्यामुळे जगली.

परक्या भूमीवरच्या लढ्याला दुरून शस्त्रे पुरवणारी सरकारे आजही आहेत. त्यांची मदत अनेकदा आवश्यक असते, आणि जुलमाखाली पिचलेल्यांना एकटे सोडणे हा मार्ग नव्हे. पण शस्त्र देण्याने निर्णयाचा हक्क मिळत नाही. सूड ज्यांच्या दारावर येणार, त्यांना आधी विचारायला हवे, आणि त्यांनी नको म्हटले तर थांबण्याची तयारीही हवी.