कादंबरीकडे परतताना

सेमिनरीतून बाहेर पडल्यापासून कादंबरी हाती घेतली नव्हती. कल्पित कथांत वेळ दवडणे धर्मगुरूला शोभत नाही, अशी माझी धारणा. १७ जुलै २०२४ रोजी दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी साहित्यवाचनाचे महत्त्व सांगणारे पत्र लिहिले. ते वाचून मी वरमलो.

पण कादंबरी निवडावी कोणती? आपली मते पक्की करणारी, की ती तपासायला लावणारी? मी जपानी कॅथलिक लेखक शुसाकू एंदो यांची १९६६ सालची ‘सायलेन्स’ निवडली. १५९७ साली नागासाकीत क्रुसावर प्राण देणारे वसईचे संत गोन्सालो गार्सिया आपणा सर्वांना ठाऊक आहेत. एंदो मात्र सतराव्या शतकातील अशा धर्मगुरूची कथा सांगतात, जो छळ सोसणाऱ्या भाविकांना वाचवण्यासाठी ख्रिस्ताच्या प्रतिमेवर पाय ठेवतो.

त्याचे समर्थन मी करणार नाही. परंतु त्याला दोषी ठरवण्यास जीभही रेटेना. रक्तसाक्ष्यांपुढे आपण नतमस्तक होतो. पापनिवेदनास येतो तो मात्र बहुधा खचलेला माणूस. त्याचे निम्मे ऐकूनच मी उपदेश आरंभीत असे, हे या पुस्तकाने मला दाखवले.

वाचकहो, न्यायाधीशाच्या आसनावरून आपल्याला खाली उतरवील, असे पुस्तक निवडावे.