पहिली कादंबरी आणि प्रतिभेचे ऋण

वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट येथे १९३१ मध्ये जन्मलेल्या उद्धव शेळके यांची ‘धग’ ही कादंबरी १९६० मध्ये प्रसिद्ध झाली. वऱ्हाडी बोलीला संवादाच्या रंगतीपुरते न वापरता तिलाच अनुभवाचे रूप मानणाऱ्या या कादंबरीने तिशीतही न पोचलेल्या लेखकाला मराठी कादंबरीच्या पहिल्या रांगेत नेऊन बसविले. पुढे लेखनावरच उपजीविका करणाऱ्या शेळके यांनी रंजनपर कादंबऱ्या मोठ्या संख्येने लिहिल्या. ‘धग’च्या लेखकाने आपली प्रतिभा वाया घालवली, असे त्यामुळे हळहळीने म्हटले जाते. हे विधान वाङ्मयीन दिसत असले, तरी त्याचे स्वरूप नैतिक आहे.

‘वाया घालवणे’ या शब्दप्रयोगात प्रतिभा ही लेखकाकडे सोपविलेली ठेव आहे आणि तिचा हिशेब त्याने समाजाला द्यावयाचा आहे, असे गृहीत धरलेले असते. परंतु ठेव ठेवणाऱ्याचीही काही जबाबदारी असते. १९६३ मध्ये ‘कोसला’ प्रसिद्ध झाल्यानंतर ‘बिढार’साठी भालचंद्र नेमाडे १९७५ पर्यंत थांबू शकले. त्या काळात ते महाविद्यालयात इंग्रजीचे अध्यापन करीत होते. हा संयम लेखकाचा गुण खराच. परंतु त्याला वेतनाचा आधार होता, हेही तितकेच खरे. ज्याला असा आधार नाही, त्याच्याकडून त्याच संयमाची अपेक्षा करणे म्हणजे परिस्थितीचे श्रेय चारित्र्याच्या खात्यावर मांडणे होय.

यातील विसंगती ‘धग’मध्येच उघडी पडते. निष्क्रिय नवऱ्याचा संसार रेटीत मुलांसाठी राबणाऱ्या कौतिकचे कष्ट समीक्षेने उदात्त मानले. तिच्या निर्मात्याने पोटासाठी उपसलेले कष्ट मात्र अधःपतन ठरले. अर्थात या साम्याला मर्यादा आहे. कौतिकच्या मजुरीतून भाषा झिजत नाही. बाजाराच्या मागणीबरहुकूम लिहिणारा लेखक मात्र ज्या हत्याराने पहिली कादंबरी घडविली, तेच बोथट करीत असतो. म्हणून उत्तरकालीन कादंबऱ्यांना गरिबीच्या नावाने सवलत देण्याचे कारण नाही. दुबळी कृती दुबळीच म्हटली पाहिजे.

तथापि कृतीच्या दुबळेपणावरून लेखकाचा अपराध सिद्ध होत नाही. ‘धग’ने वाचकाला जे दिले ते पुरे दिलेले आहे, त्यापोटी दुसरी ‘धग’ येणे बाकी राहत नाही. ऋण असलेच तर ते उलट्या दिशेचे आहे. वर्धा शहराला लागून असलेल्या पिपरी मेघेत आज कोणी आपली पहिली कादंबरी लिहीत असेल, तर तिचे स्वागत करणाऱ्या वाङ्मयव्यवहाराला हा प्रश्न टाळता येणार नाही: दुसऱ्या कादंबरीसाठी लागणारी वर्षे या लेखकाने कशावर काढावीत? ज्या समीक्षेला हा प्रश्न पडत नाही, तिला पुढे हळहळण्याचाही अधिकार उरत नाही.