मुलाचे मन आणि यंत्राची वही

मूल वर्गात स्थिर बसत नाही, हाती घेतलेला अभ्यास अर्धवट टाकून उठते, अशी तक्रार शाळेतून आली की घरची मंडळी त्यास खोडकर ठरवून मोकळी होतात. काही मुलांच्या बाबतीत मात्र तो खोडकरपणा नसतो. चित्त एकाग्र न होणे व अतिचंचलता ही त्यांची व्याधी असते. वैद्यक तिला एडीएचडी म्हणते. दिग्रससारख्या गावातील पालकांना तज्ज्ञासाठी यवतमाळ वा नागपूर गाठावे लागते; मोबाईल मात्र घरातच असतो. म्हणूनच ‘खेळता खेळता उपचार’ हे शब्द त्यांना मोह घालतात.

हा मोह निराधार नाही. जून २०२० मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने ८ ते १२ वर्षांच्या मुलांसाठी ‘एन्डेव्हर-आरएक्स’ हा व्हिडिओ गेम उपचाराचा एक भाग म्हणून मान्य केला; तोही वैद्याच्या चिठ्ठीनेच मिळणारा. ३४८ मुलांवरील चाचणीत संगणकावर मोजलेले अवधान सुधारले. परंतु पालकांनी व वैद्यांनी नोंदवलेली सुधारणा पाहता, हा खेळ खेळलेली मुले आणि साधा शब्दखेळ खेळलेली मुले यांत लक्षणीय फरक आढळला नाही. रूढ उपचारांऐवजी हा खेळ वापरावा, इतका हा पुरावा पुरेसा नाही, असे संशोधकांनीच नमूद केले. पडद्यावर लक्ष टिकणे वेगळे आणि गणिताच्या वहीवर टिकणे वेगळे.

दुसरा प्रश्न अधिक खोल आहे. गोळी पोटात गेल्यावर कुणास काही सांगत नाही. असा खेळ मात्र मुलाची प्रत्येक चूक, प्रत्येक विलंब टिपतो, कारण त्यावरच त्याची काठिण्यपातळी ठरते. वैद्यही केसपेपर ठेवतात, असे कोणी म्हणेल. परंतु वैद्य गुप्ततेच्या व्रताने बांधलेला असतो. कंपनी विकली जाऊ शकते. हा खेळ काढणारी अकिली कंपनीही २०२४ मध्ये दुसऱ्या कंपनीकडे गेली. अशा वेळी मुलांच्या नोंदी कुणाच्या हाती जाणार?

२४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला. २०२३ च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने १८ वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती आवश्यक ठरवली. पण संमती देण्याचा अधिकार म्हणजे मालकी नव्हे. मुलाच्या मनाचे आपण विश्वस्त आहोत. उद्या सज्ञान झाल्यावर नोकरी वा विवाहाच्या उंबरठ्यावर ही नोंद आपल्या आड यावी काय, हे त्यास आज कोणी विचारलेले नाही. विश्वस्ताने दुसऱ्याची ठेव न वाचता सही करून देऊ नये.

म्हणून सुज्ञ पालकहो, खेळ नाकारा असे माझे म्हणणे नाही. पण ‘एकाग्रता वाढवणारा’ म्हणून एखादा खेळ मुलाच्या हाती देण्यापूर्वी तज्ज्ञास विचारा: याचा पुरावा काय? नोंदी कोण ठेवतो, किती काळ, आणि त्या पुसता येतात काय? उत्तर मिळेपर्यंत थांबण्याने मुलाचे नुकसान होणार नाही. मात्र तज्ज्ञाकडे जाणे लांबवल्याने होईल.